वॉल्टर ब्रेननचे तीन ऑस्कर : कामाचे की ओळखीच्या मतांचे?

जुनी_रीळ

गेल्या आठवड्यात भावासोबत 'रेड रिव्हर' (१९४८) पुन्हा बघत होतो. त्यातला स्वयंपाकाची गाडी हाकणारा ग्रूट आपली कवळी पत्त्यांच्या डावात हरतो आणि मग फक्त जेवायच्या वेळी ती परत मागून घेतो. भाऊ म्हणाला, "हा बोळका म्हातारा प्रत्येक सिनेमात कसा रे असतो?" मी सांगितलं, याच्याकडे तीन ऑस्कर आहेत. तो हसला. ते हसू मला लागलं, म्हणून हा धागा काढतोय.

वॉल्टर ब्रेनन १८९४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावी जन्मला. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये तोफखान्यात होता. नंतर कॅलिफोर्नियात जमिनींच्या व्यवहारात पैसे कमावले आणि घालवलेही. मग पोटासाठी एक्स्ट्रा म्हणून गर्दीत उभं राहायला लागला. तिथेच एका अपघातात पुढचे दात गेले. दुसरा कोणी असता तर खचला असता. याने त्याचंच भांडवल केलं. कवळी लावली की चाळिशीचा, काढली की सत्तरीचा! 'बार्बरी कोस्ट'च्या (१९३५) वेळी त्याने दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सला पहिला प्रश्न विचारला तो "दातांसकट की दातांशिवाय?" हा किस्सा हॉक्स स्वतः सांगायचा. पुढे दोघांनी मिळून एकूण सहा सिनेमे केले.

१९३६ साली सहाय्यक भूमिकांसाठी ऑस्कर सुरू झाला आणि पुरुषांमधला पहिलाच ब्रेननला मिळाला, 'कम अँड गेट इट'मधल्या स्वीडिश लाकूडतोड्यासाठी. (तेव्हा सहाय्यकांना बाहुली देत नसत, नुसती पाटी देत.) मग 'केंटकी' (१९३८) आणि 'द वेस्टर्नर' (१९४०). सहाय्यक गटात तीन ऑस्कर आजपर्यंत दुसऱ्या कोणाला मिळालेले नाहीत.

'द वेस्टर्नर' ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर बघा. ब्रेननचा जज रॉय बीन म्हणजे माणसांना सहज फासावर चढवणारा, दारूच्या गुत्त्यात न्यायालय भरवणारा माणूस. पण लिली लँगट्री या नटीचं नाव निघालं की हाच माणूस शाळकरी पोरासारखा विरघळतो. तिच्या केसांची बट आपल्याकडे आहे, अशी थाप गॅरी कूपर मारतो. त्या बटेसाठी ब्रेननच्या डोळ्यांत जे आर्जव येतं ते पाहून आपल्याला त्याची दया येते, आणि मघाशी याच माणसाने काय केलं ते आठवून त्या दयेची लाजही वाटते. शेवटी तो नाटकाची सगळी तिकिटं विकत घेऊन, जुना लष्करी गणवेश चढवून रिकाम्या थिएटरात एकटा बसतो. पडदा वर जातो आणि समोर लिली नसते, कूपर उभा असतो. सिनेमा कूपरच्या नावावर विकला गेला असेल, तोलून धरलाय तो ब्रेननने.

माझं मत स्पष्ट आहे. त्याचे ऑस्कर हक्काचे आहेत.

---

कोरा_कागद

असहमत. लेख आवडला, तरी एक मोठी गोष्ट राहून गेली. त्या काळात ऑस्करच्या मतदानात एक्स्ट्रांनाही मत होतं. संख्येने ते भरपूर, आणि ब्रेनन त्यांच्यातूनच वर आलेला. आपला माणूस म्हणून त्याला मतं पडली, हे हॉलिवूडच्या इतिहासात वारंवार लिहिलं गेलंय.

समोर कोण होतं तेही बघा. १९३६ ला 'माय मॅन गॉडफ्री'मधला मिशा आउअर. १९३८ ला 'अल्जिअर्स'मधला खबऱ्या झालेला जीन लॉकहार्ट. यांत्रिक पियानो आपोआप वाजत राहतो आणि त्या आवाजात हा भीतीने गलितगात्र होऊन मरतो, तो प्रसंग एकदा पाहिला की विसरता येत नाही. १९४० ला 'द ग्रेट डिक्टेटर'मध्ये साक्षात चॅप्लिनसमोर उभा राहून मुसोलिनीचं सोंग वठवणारा जॅक ओकी. या तिघांपेक्षा ब्रेनन सरस होता असं छातीवर हात ठेवून सांगाल?

आणि साचा तर आहेच. तोच किरटा आवाज, तेच लंगडणं, तेच खिदळणं. 'मीट जॉन डो' (१९४१) बघा, 'रिओ ब्राव्हो' (१९५९) बघा, नाहीतर टीव्हीवरची 'द रिअल मॅकॉइज' बघा. कपडे बदललेत, म्हातारा तोच.

---

जुनी_रीळ

कोरा_कागद, एक्स्ट्रांच्या मतांचा मुद्दा मान्य, मी तो लिहायला हवा होता. पण त्यावरून तुम्ही काढलेला निष्कर्ष मान्य नाही. नामांकन झालं की ब्रेनन जिंकणारच, असं नव्हतं. १९४१ ला 'सार्जंट यॉर्क'साठी तो हरला आणि डोनाल्ड क्रिस्प जिंकला.

दुसरं म्हणजे, एक्स्ट्रांचं मत हलकं का मानायचं? दिवसभर उन्हात उभं राहून एकच प्रसंग दहा वेळा डोळ्यांसमोर घडताना ते बघतात. कोण कॅमेरा सुरू झाल्यावरच जागा होतो आणि कोण समोरच्या नटाला खरंच ऐकतो, हे त्यांच्याइतकं जवळून कोणी पाहिलेलं असतं? मला तर त्यांचं मत समीक्षकांच्या मताहून मोलाचं वाटतं.

जॅक ओकीबद्दल मात्र गप्प बसतो. तो अप्रतिमच आहे.

---

सांजवेळ

"म्हातारा तोच" म्हणणाऱ्यांनी 'माय डार्लिंग क्लेमेंटाइन' (१९४६) बघितलाय का? जॉन फोर्डच्या या सिनेमात ब्रेनन ओल्ड मॅन क्लँटन आहे. खिदळणं नाही, गंमत नाही. मुलं हेन्री फोंडासमोर तोंडघशी पडतात तेव्हा हा वाढलेल्या पोरांना चाबकाने फोडून काढतो आणि सांगतो, पिस्तूल काढलं की माणूस मारायचाच. आवाज चढतसुद्धा नाही. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा हा ग्रूटवालाच नट आहे हे मला अर्ध्या सिनेमापर्यंत कळलं नव्हतं.

'बॅड डे ॲट ब्लॅक रॉक'मधला (१९५५) डॉक्टरही तसाच. सगळं गाव एका जुन्या खुनाबद्दल गप्प आहे आणि या माणसाला स्वतःच्या गप्प बसण्याची शरम वाटते. स्पेन्सर ट्रेसीशी बोलताना ती शरम त्याच्या चेहऱ्यावर सतत दिसते. साच्यातल्या नटाला हे जमत नाही.

---

रानवाट

सांजवेळ यांना +१. क्लँटन बघून मी रात्री नीट झोपलो नव्हतो.

---

कोरा_कागद

सांजवेळ, क्लँटनबद्दल शंभर टक्के सहमत. पण यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो. क्लँटनसाठी त्याचं नामांकनसुद्धा झालं नाही. बक्षीस मिळालं ते 'केंटकी'ला! घोड्यांच्या शर्यती, तापट म्हातारा आणि शेवटी डोळ्यांत पाणी. त्या वेळी तो ४४ वर्षांचा होता, म्हातारपण हुबेहूब वठवलं, कबूल. पण ते कसब झालं. भूमिकेत खोली कुठे आहे?

ज्यांना काहीच मिळालं नाही त्यांचाही विचार करा. थेल्मा रिटरची १९५० ते १९६२ मध्ये सहा नामांकनं झाली, ऑस्कर एकही नाही. 'पिकअप ऑन साउथ स्ट्रीट'मध्ये (१९५३) ती टाय विकत फिरते, पोलिसांना खबरा देते आणि आपल्याला बेवारस पुरू नये म्हणून पै-पै साठवते. मारेकरी समोर उभा असताना ती ज्या थकव्याने बोलते, तसा थकवा मी पडद्यावर दुसरीकडे पाहिलेला नाही. क्लॉड रेन्सची चार नामांकनं, हाती शून्य. एकाच्या कपाटात तीन आणि या दोघांकडे काहीच नाही, याला हक्काचे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

---

ओसरी

तुम्ही दोघंही साच्याबद्दल बोलताय म्हणून लिहिते. ब्रेननचा साचा त्याने स्वतः निवडला होता आणि हवा तेव्हा तो मोडूही शकत होता. जज, खुनी, डॉक्टर, दारुडा, सगळं त्याच्या वाट्याला आलं. हॅटी मॅकडॅनियलला 'गॉन विथ द विंड'साठी सहाय्यक अभिनेत्रीचा ऑस्कर मिळाला. तो मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलाकार. पण २९ फेब्रुवारी १९४० च्या त्या रात्री हॉटेलात तिला बाकी कलाकारांपासून दूर, वेगळ्या टेबलावर बसवलं होतं. आणि त्यानंतरही तिच्याकडे मोलकरणीच्याच भूमिका येत राहिल्या. तिला कोणी क्लँटनसारखं काही दिलं का? अशी कारकीर्द कोणाला करू दिली गेली, हेही बघायला हवं.

आणि ब्रेनन स्वतः कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीचा कडवा विरोधक होता, हे धाग्यात कुठेच आलेलं नाही.

---

रानवाट

ओसरी, माणूस आणि काम वेगळं ठेवायला हवं. राजकारण आणलं तर एकही जुना सिनेमा बघता येणार नाही.

---

ओसरी

मी बघू नका असं म्हटलेलं नाही. मी स्वतः 'रिओ ब्राव्हो' चार वेळा पाहिलाय. पण माझ्या डोक्यात हे दोन कप्पे होत नाहीत.

---

जुनी_रीळ

ओसरी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. त्याच्या मतांबद्दल मला ठाऊक होतं आणि मी ते टाळलं, कारण मला ते खुपतं. टाळायला नको होतं. मॅकडॅनियलच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

कोरा_कागद, 'केंटकी' सोडून देतो. तो ऑस्कर लॉकहार्टला मिळायला हवा होता. 'द वेस्टर्नर' मात्र सोडणार नाही.

---

कोरा_कागद

केंटकी सोडलात, मग मीही एक सांगतो. 'टू हॅव अँड हॅव नॉट'मधल्या (१९४४) एडीसाठी त्याला ऑस्कर दिला असता तर मी उठून टाळ्या वाजवल्या असत्या. सैल पावलांनी हेलकावे खात चालणारा दारुडा, भेटेल त्याला विचारतो, "मेलेली मधमाशी कधी चावलीय का?" लोक वैतागतात, हाकलतात. लॉरेन बकॉलचा तो पहिलाच सिनेमा, वय अवघं १९. ती शांतपणे त्यालाच उलट विचारते, तुम्हाला चावलीय? आणि त्याचा चेहरा उजळतो. आपल्याला कोणीतरी माणसात धरलं, हे एका क्षणात दिसतं. त्या भूमिकेसाठी त्याचं नामांकनही नाही. तीन ऑस्कर चुकीच्या सिनेमांना गेले, हे माझं मत अजूनही कायम आहे.

---

जुनी_रीळ

एडीबद्दल एका शब्दाचाही वाद नाही.

आज 'रिओ ब्राव्हो' लावला होता, भाऊही बसला. ब्रेननचा स्टंपी दिवसभर तुरुंगाच्या दाराशी बंदूक घेऊन बसलेला, माझी इथे कोणाला किंमतच नाही म्हणून कुरकुरतोय. जॉन वेन येतो आणि त्याच्या टकलावर चक्क ओठ टेकतो. भाऊ हसला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "'वेस्टर्नर' आहे का तुझ्याकडे?"