मदत हवी आहे : व्हिडिओ एडिटिंगसाठी दमदार लॅपटॉप कोणता घ्यावा?

मंडळी, लग्नांचं आणि माहितीपटांचं एडिटिंग हेच माझं पोटापाण्याचं काम. सॉफ्टवेअर डाविंची रिझॉल्व्ह, फुटेज ४के, १०-बिट ४:२:२ (म्हणजे रंगांची जास्त माहिती), एच.२६५ (फाइल लहान करणारा, पण उलगडायला जड फॉरमॅट). सध्याचा लॅपटॉप पाच वर्षांचा, रॅम १६ जीबी. टाइमलाइन दोन सेकंद चालते नि अडकते. रेंडर (अंतिम व्हिडिओ तयार करणं) लावला की पंखा घरघर करतो, वरच्या ओळीतल्या बटणांना बोट लाववत नाही. खाली दोन जाडजूड पुस्तकं ठेवून कसंबसं भागवतोय. प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या नकला) करून बघितल्या, पण त्या बनण्यातच अर्धा दिवस जातो.

थोडा अभ्यास केला आणि जास्तच गोंधळलो. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्डाच्या लॅपटॉपमध्ये व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) ८ जीबीच, शिवाय कार्डात ४:२:२ एच.२६५ चं हार्डवेअर डिकोडिंग (फुटेज चिपवरच उलगडणं) नाही. ते आरटीएक्स ५० मालिकेत आलं. इंटेल प्रोसेसरमधल्या क्विक सिंक या व्हिडिओ-सोयीत मात्र आधीपासून आहे. मग आरटीएक्स ५०७० टीआय (१२ जीबी) घ्यावं, की सरळ ॲपलच्या एम४ प्रो चिपचा मॅकबुक? मॅकबुकमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही, म्हणजे पहिल्याच फटक्यात ४८ जीबी घ्यावी लागेल. शिवाय एकच ग्राफिक्स कार्ड एका लॅपटॉपमध्ये कमी वॅटवर चालतं, दुसऱ्यात जास्त. जाहिरातीत नाव तेवढं ठळक!

गेमिंगशी देणंघेणं नाही, रंगीबेरंगी दिव्यांची तर ॲलर्जीच आहे. स्क्रीनचे रंग खरे हवेत आणि तासभर रेंडर चालला तरी वेग पडू नये.

असं फुटेज रोज हाताळणारं कुणी आहे का? मशीन कोणतं, आणि उन्हाळ्यात तापतं किती?