आमच्या ट्रेकिंग ग्रुपचं पत्रक सगळ्यांच्या स्पॅममधेच का जातंय?

सह्यवेडा
नमस्कार मंडळी. नाशकात आमचा ट्रेकिंगचा ग्रुप आहे. दर महिन्याला पुढचे ट्रेक, कुठल्या गडावरच्या टाक्यात पाणी आहे, कुठली वाट पावसात ढासळलीय, कुणाची राहिलेली काठी कुणाकडे आहे असलं सगळं एका पत्रकात घालून मेल करतो. यादीत हजार-अकराशे पत्ते असतील. एक मेलिंग सर्व्हिस वापरतो (नाव घेत नाही, फुकटवाला प्लॅन आहे) आणि पाठवणारा म्हणून ग्रुपचा जीमेल पत्ता दिलाय. आधी नीट पोचायचं, आता निम्म्याहून जास्त लोक म्हणतात मिळालंच नाही, आणि शोधलं की स्पॅममधे पडलेलं असतं. सर्व्हिसवाल्यांना विचारलं तर "तुमचं डोमेन ऑथेंटिकेट करा" असं एका ओळीचं उत्तर. अरे पण आम्ही काय लॉटरी विकतोय का? मजकुरात फ्री नाही, ऑफर नाही, काही नाही. यांना स्पॅम वाटतं तरी कशावरून? कुणी जाणकार असेल तर सांगा राव.

पोस्टमास्तर
मजकूर आधी डोक्यातून काढा. शब्दांवरून स्पॅम ओळखणारे फिल्टर वीसेक वर्षांपूर्वी फार गाजले, अजूनही आहेत, पण आता मेलमधे काय लिहिलंय हे बघायच्या आधीच बरंचसं ठरलेलं असतं. सर्व्हर जोडला जातो तेव्हाच त्याचा आयपी (इंटरनेटवरचा नंबर) स्पॅमहाउससारख्या स्पॅमविरोधी संस्थेच्या काळ्या यादीत आहे का हे डीएनएसमधून, म्हणजे इंटरनेटच्या नाव-पत्त्यांच्या वहीतून, विचारून घेतात, असेल तर मेलचा मजकूर घेतच नाहीत, दारातूनच परत.

तुमचा घोळ फ्रॉमच्या पत्त्यात आहे. एक करा, स्पॅममधे गेलेला मेल कुणाच्या तरी जीमेलमधे उघडा, उजवीकडच्या तीन टिंबांवर दाबा आणि शो ओरिजिनल बघा. वर छोटा तक्ता येतो. माझा अंदाज, तुम्हाला एसपीएफ पास, डीकेआयएम पास आणि डीमार्क फेल दिसेल.

एसपीएफ म्हणजे डोमेनवाल्याने (डोमेन म्हणजे पत्त्यातला @ नंतरचा भाग) डीएनएसमधे लावलेली यादी, की माझ्या नावाने मेल फक्त या सर्व्हरवरून निघतील. डीकेआयएम म्हणजे पाकिटावरची लाखेची मोहोर समजा, मजकुरात वाटेत काही बदललं की ती तुटते. तुमच्या सर्व्हिसने दोन्ही केलंय, पण स्वतःच्या डोमेनच्या नावाने. डीमार्क विचारतं की बाबा हे सगळं ठीक, पण वाचणाऱ्याला फ्रॉममधे जे डोमेन दिसतंय त्याच्याशी यातलं एकतरी जुळतं का? फ्रॉममधे जीमेल डॉट कॉम, जे गुगलचं आहे, आणि सही भलत्याच कंपनीची. म्हणजे त्यांच्या नजरेत तुम्ही जीमेलची नक्कल करताय.

आधी हे चालून जायचं. गुगल आणि याहूने ऑक्टोबर 2023 मधे जाहीर केलं आणि फेब्रुवारी 2024 पासून नियम कडक केले. दिवसाला 5000 च्या वर मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्ही हवं, शिवाय एका क्लिकमधे अनसबस्क्राइब. तुम्ही 5000 च्या आत आहात हे खरं, पण जीमेलचा पत्ता लावून बाहेरून मेल पाठवू नका हे छोट्यांनाही लागू आहे. उपाय एकच, स्वतःचं डोमेन घ्या. वर्षाला हजाराच्या आसपास पडतं, एका ट्रेकच्या जीपभाड्यात बसेल.

बे_एरियातला_बाब्या
पोस्टमास्तरांशी सहमत, फक्त मेलिंग लिस्टवाल्यांचं दुखणं सांगतो, कारण इकडे आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांची लिस्ट मी बघतो, जुनी, मेलमन नावाच्या सॉफ्टवेअरवरची, एकाने लिहिलं की सगळ्यांना जातं अशी. एप्रिल 2014 मधे याहूने डीमार्कचं धोरण एकदम रिजेक्टवर नेलं, म्हणजे आमच्या नावाशी जुळलं नाही तर मेल सरळ नाकारा, पाठोपाठ एओएल या दुसऱ्या मेल कंपनीने. लिस्ट काय करते, विषयाच्या आधी कंसात लिस्टचं नाव घालते, खाली अनसबस्क्राइबची ओळ चिकटवते, म्हणजे डीकेआयएमची सही गेली. आणि मेल निघतो लिस्टच्या सर्व्हरवरून, म्हणजे एसपीएफही याहूशी जुळत नाही. त्यामुळे याहूवाल्या कुणी "हॅपी बर्थडे" लिहिलं तरी ते जीमेल, हॉटमेलवाल्यांकडे नाकारलं जायचं. गंमत पुढे आहे, बाउन्स (नाकारून परत आलेले मेल) मोजले जायचे घेणाऱ्याच्या नावावर! म्हणजे लिहिणारा याहूचा आणि लिस्टमधून आपोआप बंद पडणार बिचारा जीमेलवाला, ज्याचा काही संबंधच नाही. मेलमनमधे फ्रॉम बदलायची सोय आहे, "अमुक तमुक व्हाया लिस्ट" असं दिसतं ना, ते त्याचमुळे. दिसायला घाण आहे पण चालतं. त्यामुळे सह्यवेडा, तुमची अशी चर्चेची लिस्टही असेल तर ते सेटिंग आधी बघून घ्या.

खवट_काका
डोमेन घ्या, रेकॉर्ड लावा, सगळं करा. पण मला एक सांगा, हे अकराशे पत्ते आले कुठून?

सह्यवेडा
पोस्टमास्तर, अगदी तसंच निघालं, दोन पास आणि डीमार्क फेल! काका, पत्ते असेच, ट्रेकला आलेल्यांच्या नोंदवहीतून. दहा-बारा वर्षांचे आहेत. बंद हवं असेल तर खाली लिंक दिलीय की.

खवट_काका
तेच म्हटलं. हरिश्चंद्रगडाला एकदा आलेला माणूस, त्याने वहीत मेल लिहिला तो इमर्जन्सीसाठी. आता तो बंगळुरात बसलाय, तुमचं पत्रक आलं की लिंक कुठे शोधत बसेल, समोरचं स्पॅमचं बटण दाबतो आणि मोकळा होतो. गुगलचं म्हणणं ही तक्रार 0.1 टक्क्याच्या आत ठेवा, 0.3 ला तर पोचूच देऊ नका. हिशोब करा, अकराशेत तीन-चार लोक! आणि गुगलच्या पोस्टमास्टर टूल्समधे (मेल पाठवणाऱ्यांना असे आकडे दाखवणारं पान) तुमच्याएवढ्या छोट्या यादीचे आकडे बहुतेक दिसणारही नाहीत, म्हणजे कुणी दाबलं ते कळायचं नाही.

दुसरं, जुने बंद पडलेले पत्ते. काही कंपन्या असे पत्ते काही काळ बाउन्स करतात आणि मग सापळा म्हणून परत चालू करतात. त्यावर मेल आला की त्यांना कळतं, हा यादी साफ न करणारा माणूस. विकतच्या याद्यांमधे तर असले सापळे हमखास, म्हणून त्या वाटेला जाऊच नका.

चिंगी
काका बरोबर बोलतायत, आणि नवीन नोंदणीला कन्फर्मेशन मेल ठेवाच, लिंक दाबली तरच नाव यादीत. लोकांना कटकट वाटते पण कारण आहे. 2016 च्या ऑगस्टमधे सरकारी पत्त्यांवर असा हल्ला झाला होता, बॉटने शेकडो साइटच्या न्यूजलेटर फॉर्ममधे तेच पत्ते भरले, त्यांच्या इनबॉक्सांचा चिखल झाला. स्पॅमहाउसने तेव्हा फॉर्म उघडे ठेवणाऱ्या चांगल्या चांगल्या मेलिंग कंपन्यांचे आयपीसुद्धा यादीत टाकले. हीच युक्ती भामटेही वापरतात, कुणाच्या खात्यातून पैसे काढायचे असले की बँकेचा मेल असल्या हजार मेलांखाली गाडून टाकायचा. फॉर्मवर कॅप्चा पण लावा.

बंड्या_००७
थोडं अवांतर, आमच्या ऑफिसात काही ओटीपीचे मेल पंधरा मिनिटांनी येतात, तोवर ओटीपी मेलेला असतो. हे पण स्पॅमवाल्यांमुळेच का?

पोस्टमास्तर
@बंड्या, ग्रेलिस्टिंग असू शकतं. अनोळखी सर्व्हरला पहिल्यांदा "आत्ता नाही, नंतर ये" म्हणून तात्पुरता नकार देतात. नीट सर्व्हर थोड्या वेळाने परत येतो, स्पॅमचे बॉट बरेचदा येत नाहीत. आयटीवाल्यांना सांगून तो ओटीपी पाठवणारा वगळायला लावा.

@सह्यवेडा, डोमेन घेतलं की सर्व्हिसच्या सेटिंगमधे डीकेआयएमचे रेकॉर्ड मिळतील, ते डीएनएसमधे टाका. डीमार्क आधी नन (म्हणजे जुळलं नाही तरी अडवू नका) ठेवा आणि रिपोर्टचा पत्ता द्या, एकदम रिजेक्ट करू नका. आणि नव्या डोमेनवरून पहिल्याच दिवशी अकराशे नको. गेल्या वर्षभरात ट्रेकला आलेत त्यांना आधी पाठवा, ते उघडतात, उत्तर देतात, त्याने डोमेनची पत वाढते. वहीतल्या बाकीच्यांना "पत्रक हवंय का" एवढंच एकदा विचारा, तेही थोडे थोडे करून, आणि उत्तर नाही आलं तर नाव काढा.

सह्यवेडा
म्हणजे अकराशेचे तीनशेच उरतील की हो.

खवट_काका
उरू देत. तसेही अकराशे जण गडावर चढत नाहीत.