हॉप्टमन खटला: शिडीच्या लाकडाचा पुरावा किती भक्कम?

आदरणीय काका, सप्रेम नमस्कार.

न्यू जर्सीतल्या फ्लेमिंग्टनचे, हा खटला चालला ते जुने न्यायालय पाहायला मंडळातर्फे जाण्याचे ठरले आहे. त्यासाठी आपण लिंडबर्ग प्रकरणावर, म्हणजे विमानचालक चार्ल्स लिंडबर्ग यांच्या बाळाच्या अपहरण आणि हत्येवर लिहिलेले टिपण मी दोनदा वाचले. त्यात अपहरणासाठी वापरलेल्या शिडीच्या लाकडाला जी जागा दिली आहे, तिच्याबद्दल मला शंका आहे. आरोपी ब्रूनो हॉप्टमन पकडला गेला तो लाकडामुळे नव्हे. सप्टेंबर 1934 मध्ये मॅनहॅटनमधल्या एका पेट्रोल पंपावर त्याने खंडणीतले दहा डॉलरचे सुवर्णप्रमाणपत्र (सोन्याच्या आधारावर काढलेली नोट) दिले, आणि तिथल्या कर्मचाऱ्याने खबरदारी म्हणून त्या नोटेवरच गाडीचा क्रमांक लिहून ठेवला, म्हणून तो सापडला. खंडणीच्या नोटांचे क्रमांक आधीच टिपून ठेवण्याचा आग्रह एल्मर आयरी या करखात्याच्या अधिकाऱ्याने धरला होता, त्याला श्रेय द्यायला हवे. शिडीची एक फळी हॉप्टमनच्याच पोटमाळ्यावरची आहे हा शोध मात्र अटकेनंतर आठवडाभराने, घर पोलिसांच्या ताब्यात असताना लागला. त्याआधीच्या झडत्यांत माळ्यावर काही वावगे कोणाला दिसले नव्हते. इथेच पाणी मुरते आहे असे अनेक अभ्यासकांना वाटते, आणि मलाही तसेच वाटते. टिपण छापण्यापूर्वी आपण याचा विचार करावा, ही विनंती.

आपली,
ब्रिजवॉटरहून, वाचनकट्ट्याची एक सदस्य

—

ताई, नमस्कार.

आपला आक्षेप रास्त आहे, आणि त्याला मोघम उत्तर देणे योग्य होणार नाही. माझे म्हणणे असे की लाकडाचा पुरावा हा एकच पुरावा नाही. त्याचे दोन भाग आहेत, ते वेगवेगळ्या काळात हाती आले, आणि आपली शंका त्यांपैकी एकालाच लागू पडते.

1 मार्च 1932 च्या रात्री लिंडबर्ग यांच्या वीस महिन्यांच्या मुलाला पळवून नेले, तेव्हा त्यांच्या घराजवळ तीन भागांत जोडता येणारी, घरी बनवलेली एक शिडी सापडली. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन येथील सरकारी वनोत्पादन प्रयोगशाळेत आर्थर कोहलर हे लाकूडतज्ज्ञ होते. त्यांनी शिडी पूर्ण सुटी केली, प्रत्येक तुकड्याला क्रमांक दिला आणि भिंगाखाली तपासला. पाइनच्या काही फळ्यांवर यांत्रिक रंध्याच्या बारीक लाटा उमटल्या होत्या. त्या मोजून कोहलर यांनी ताडले की फळीच्या रुंद बाजूवर चालणाऱ्या यंत्राला आठ पाती होती आणि कडेवर चालणाऱ्याला सहा. शिवाय त्यांतल्या एका पात्यात दोष होता, कारण त्याची खूण ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत होती. पूर्व किनाऱ्यावरच्या सुमारे 1,600 लाकूडगिरण्यांकडे पत्रे गेली. असे यंत्र असलेल्या गिरण्या पंचविसाच्या आसपास निघाल्या. त्यांचे नमुने ताडून पाहिल्यावर दक्षिण कॅरोलायनातल्या मॅकॉर्मिक गावची डॉर्न यांची गिरणी उरली. तिथून उत्तरेकडे गेलेल्या मालाचा माग काढत कोहलर पोलिसांसह वखारीमागून वखार पालथी घालत राहिले आणि नोव्हेंबर 1933 मध्ये ब्राँक्समधल्या एका वखारीत पोहोचले. तो माल केव्हाच विकला गेला होता. पण त्यातल्याच काही फळ्या वापरून वखारवाल्यांनी स्वतःसाठी लाकूड ठेवण्याचा एक कप्पा बनवला होता. त्याचा तुकडा कापून दिला, तेव्हा सदोष पात्याची तीच खूण त्यावर दिसली.

शोध इथे अडला, कारण ती वखार रोखीने विक्री करत असे आणि गिऱ्हाइकांची नावे नोंदवत नसे. ताई, माझ्या मते या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य हेच आहे. हॉप्टमन हे नाव तेव्हा पोलिसांच्या गावीही नव्हते. अटक झाली त्याच्या दहा महिने आधी, कोणताही संशयित डोळ्यांसमोर नसताना, एक माणूस केवळ रंध्याच्या खुणांवरून ज्या वखारीपर्यंत पोहोचला, त्याच वखारीत हॉप्टमनने काही काळ काम केले होते आणि डिसेंबर 1931 मध्ये लाकूड विकतही घेतले होते, हे पुढे निष्पन्न झाले. जो संशयित माहीतच नाही, त्याच्याविरुद्ध पुरावा पेरता येत नाही.

आता पोटमाळ्याची फळी, म्हणजे शिडीची सोळा क्रमांकाची पट्टी. तिच्याबाबत तुमची शंका मी फेटाळत नाही. ताब्यातल्या घरात पुरावा सापडणे ही कोणत्याही तपासातली कमकुवत जागाच असते. पण त्या पट्टीला चौकोनी खिळ्यांची चार भोके आहेत आणि गंज नाही, म्हणजे ती पूर्वी घराच्या आत, कोरड्या जागी ठोकलेली असावी, हे निरीक्षण कोहलर यांनी अटकेपूर्वीच नोंदवले होते. माळ्यावर अर्धवट कापलेली फळी मिळाली, तेव्हा ती भोके तिथल्या तुळयांतल्या खिळ्यांच्या जागांशी अंतराने आणि कोनाने जुळली. दोन्ही तुकड्यांची वर्षवलयेही एकमेकांशी जुळत होती.

खटला 2 जानेवारी 1935 रोजी सुरू झाला. लाकूडतज्ज्ञ असा काही तज्ज्ञ असतो हेच बचावपक्षाला मान्य नव्हते, तरी न्यायमूर्ती ट्रेंचर्ड यांनी साक्ष होऊ दिली. कोहलर यांनी न्यायासनालाच लाकडाचा तुकडा पकडीने घट्ट बसवला, हॉप्टमनच्या गॅरेजमध्ये सापडलेला हातरंधा त्यावरून फिरवला, वर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि उठलेल्या रेघा शिडीवरून घेतलेल्या रेघांशेजारी ठेवल्या. धार तुटलेल्या पात्याच्या रेघा दोन्हीकडे सारख्याच होत्या. लिंडबर्ग यांनी अडीच वर्षांहून अधिक काळापूर्वी अंधारात दुरून ऐकलेला खंडणी घेणाऱ्याचा आवाज हॉप्टमनचाच असल्याचे सांगितले, आणि दृष्टी अधू असलेल्या एका वृद्धाने आरोपीला शिडीसह पाहिल्याचे सांगितले. या दोन्ही साक्षींपेक्षा तो कागद मला कितीतरी अधिक विश्वासार्ह वाटतो, म्हणून टिपणात लाकडाला जागा दिली आहे.

आपला,
एडिसनहून, काका

—

आदरणीय काका,

वखारीची तारीख अटकेच्या आधीची आहे, या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि तो टिपणात ठळकपणे यावा असे आता मलाच वाटते. मात्र एक मर्यादाही सोबत लिहावी. लाकूड सांगते ते एवढेच की शिडी कोणत्या मालाची आहे आणि ती कोणत्या हत्याराने घडवली; त्या रात्री तिथे किती माणसे होती हे ते सांगत नाही. खंडणीच्या नोटा इसिडोर फिश या मित्राने ठेवायला दिल्या होत्या, असे हॉप्टमन शेवटपर्यंत म्हणत राहिला. पण फिश 1934 मध्येच जर्मनीत वारला होता, त्यामुळे त्याची उलटतपासणी होऊ शकली नाही. 3 एप्रिल 1936 रोजी ट्रेंटनच्या तुरुंगात हॉप्टमनला विजेच्या खुर्चीवर देहदंड दिला गेला, तेव्हाही आणखी कोणी सामील होते का, हा प्रश्न खुलाच होता.

म्हणून माझी सूचना अशी की वखार आणि पोटमाळा यांवर दोन वेगळे परिच्छेद असावेत, आणि कोणता शोध अटकेपूर्वीचा व कोणता नंतरचा हे तारखांसह यावे. मूळ शिडी वेस्ट ट्रेंटनच्या राज्य पोलीस संग्रहालयात आहे. न्यायालयाच्या आधी तिथे गेलो, तर सोळा क्रमांकाची पट्टी सर्वांना पाहता येईल. आपली संमती असल्यास तसा कार्यक्रम मी आखते.

आपली,
ब्रिजवॉटरहून