ब्रूस विलिसचे शेवटचे पिक्चर कुणी शेवटपर्यंत बघितलेत का?

खिडकीतला_कावळा

शनिवारी घरचे सगळे हळदीला गेलेले, मी पाठदुखीचं कारण काढून घरी, म्हटलं चला मस्त हाणामारीचा इंग्लिश पिक्चर लावू. खाली वर करता करता पोस्टरवर ब्रूस विलिसचं टक्कल दिसलं, शेजारी मेगन फॉक्स, म्हटलं झालं आपलं काम. नाव मिडनाइट इन द स्विचग्रास, २०२१ चा आहे. फ्लोरिडात हायवेवर पोरींना उचलून मारणारा एक ट्रकवाला, एफबीआयची बाई त्याच्या मागावर आणि विलिस तिच्या जोडीचा जुना खोंड. खुनी कोण ते पिक्चर स्वतःच लवकर सांगून टाकतो त्यामुळे सस्पेन्स वगैरे विसरा, पण माझी तक्रार ती नाहीच.

माझी तक्रार अशी की विलिस आहे कुठे?? येतो, गाडीत बसतो, दोन वाक्यं बोलतो, तीही अशी की शेजारच्या काकांना जबरदस्तीनं गणपतीच्या नाटकात उभं केलंय. आणि मग पिक्चर मध्यावर असताना माणूस गायबच. सगळी धावपळ तो एमिल हर्श करतो ज्याचं तोंड पोस्टरवर कोपऱ्यात आहे.

आता मी डाय हार्ड किती वेळा बघितलाय ते मलाच माहीत नाही, केबलवाला रात्री लावायचा तेव्हापासून. बनियन, अनवाणी पाय, काचांवरून चाललेला तो, आणि तशातही तोंड बंद नाही. तोच माणूस इथं एवढा कंटाळलेला बघून खरंच राग आला. नंतर बघितलं तर याच काळातले अजून डझनभर आहेत, सगळ्यांची पोस्टरं सारखीच, निळा नाहीतर केशरी रंग, मागे स्फोट, पुढे विलिस.

तो आजारी आहे हे ऐकून आहे पण ते नंतरचं ना? मग हे सगळं काय होतं, नुसते पैसे छापत होता का? आणि यातला एखादा तरी बघण्यासारखा आहे का?

पोपट_मेला_आहे

मी फोर्ट्रेस बघितला. म्हणजे लावला. सकाळी उठलो तेव्हा टीव्ही विचारत होता अजून बघताय का.

पडद्यामागचा_पाटील

कावळेसाहेब, याला तिकडं नाव आहे, गीझर टीझर. बाथरूममधला गीझर नव्हे, म्हाताऱ्याला चेष्टेनं गीझर म्हणतात. म्हातारा पोस्टरवर दाखवायचा, पिक्चरमध्ये नुसती झलक. तुम्ही बघितला त्याचा दिग्दर्शक रँडल एमेट, हा मूळचा निर्माता आणि याच धंद्यातला पक्का, तो त्यानं दिग्दर्शित केलेला पहिलाच पिक्चर.

धंदा कसा चालतो ते समजून घ्या म्हणजे राग योग्य माणसावर निघेल. हे पिक्चर तुमच्या-माझ्यासाठी बनतच नाहीत, ते विकण्यासाठी बनतात, आणि विकले जातात बनायच्या आधी. मे महिन्यात फ्रान्समधल्या कान गावात फिल्म फेस्टिव्हल चालू असतो ना, रेड कार्पेट वगैरे, तिथंच बाजूला मोठा बाजार भरतो, तसाच अमेरिकेत नोव्हेंबरच्या सुमाराला भरतो. तिथं निर्माता एक पोस्टर, चार ओळींची गोष्ट आणि नटांची नावं घेऊन बसतो. जर्मनीचा वितरक एवढे देतो, जपानचा एवढे, आखाताचा एवढे. त्याला गोष्टीशी घेणंदेणं नाही, त्याच्या गिऱ्हाइकाला कव्हरवर ओळखीचं तोंड पाहिजे. ते करारपत्र तारण ठेवून कर्ज उचलायचं. वर सरकारी सवलत, जॉर्जिया राज्यात खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत टॅक्स क्रेडिट, पोर्तो रिकोत स्थानिक खर्चावर ४० टक्के. म्हणून तुमचा तो फ्लोरिडातला ट्रकवाला शूटिंगला पोर्तो रिकोत फिरतोय. सगळं जमलं तर कॅमेरा चालू व्हायच्या आधीच पैसे सुटायची सोय झालेली असते, मग पिक्चर चांगला करण्यात कुणाला रस असणार.

यात सगळ्यात महाग वस्तू म्हणजे ते तोंड. मग ते जेवढे दिवस परवडतं तेवढेच घ्यायचं. लॉस एंजेलिस टाइम्सनं मार्च २०२२ मध्ये मोठी बातमी केली होती, त्यात दोन दिवसांच्या कामाचे २० लाख डॉलरपर्यंत असा आकडा होता. दोन दिवसांत काय होणार, तर एक खोली, एक गाडी, एक फोनवरचं बोलणं. ते तुकडे करून पूर्ण पिक्चरभर पेरायचे, शेवभाजीत शेव कमी असली की वरून पसरतात तसं. पळापळी आणि गोळीबार आला की पाठमोरा डमी.

आणि तारखा बघा. घरच्यांनी अफेजिया (मेंदूतल्या बिघाडानं शब्दच न सुचणं) झाल्याचं जाहीर केलं ३० मार्च २०२२ ला. पण टाइम्सच्या त्याच बातमीत आहे की जून २०२० मध्येच आउट ऑफ डेथच्या दिग्दर्शकानं लेखकाला मेल करून विलिसचे डायलॉग पाचेक पानांनी कमी करायला सांगितले होते. म्हणजे तुमचा पिक्चर "त्याच्या आधीचा" नाहीये.

व्हिडिओसेंटरवाला

पाटील, यात नवीन काय, हे सगळं आपण उटीला करून बसलोय की. नव्वदच्या दशकात मिथुनदा उटीत स्वतःच्या हॉटेलात युनिट ठेवायचा, तिथंच आजूबाजूला शूटिंग, एक पिक्चर संपतोय तोवर दुसरा चालू, बजेट चिमूटभर, आणि वितरकाला आधीच माहीत की बिहार-यूपीत, आपल्याकडं खानदेश-मराठवाड्यातल्या सिंगल स्क्रीनला दोन आठवडे कुठं जात नाहीत. आमच्या सेंटरला शुक्रवारी मिथुनची कॅसेट आली नाही तर लोक माझी कॉलर धरायचे.

पण एक फरक आहे भावांनो. मिथुनदा प्रत्येक सीनमध्ये असायचा! पिक्चर कसला का असेना, माणूस पहिल्या रिळापासून शेवटच्यापर्यंत घाम गाळायचा, मधे दोन गाणी नाचायचा, बहिणीच्या प्रेतावर रडायचा. ताहादेर कथा या बंगाली पिक्चरसाठी १९९२ चं नॅशनल अवॉर्ड घेतलेला नट तो, त्याच दमात हे पण करत होता. गिऱ्हाइकाला फसवल्यासारखं वाटत नव्हतं. त्याच्या गुंडा पिक्चरचे डायलॉग आजही लोक पाठ म्हणतात (आणि त्यात आपले मोहन जोशी पोते नावाचं पात्र झालेत, ते कोण विसरेल). विलिसच्या या डझनातलं एक वाक्य म्हणून दाखवा बरं.

कडू_कारलं

सगळं मान्य पण मी भाड्याचे पैसे मोजून बघितलाय, मला त्याच्या मेडिकल फाइलशी काय करायचंय? पोस्टरवर ज्याचं तोंड मोठं तो पिक्चरमध्ये पाहिजे, एवढंच. हॉटेलात पनीर सांगितलं आणि नुसती ग्रेव्ही आली तर आचारी आजारी होता हे ऐकून बिल भरायचं का? सगळ्यात वाईट पिक्चरांना चेष्टेनं बक्षीस देणाऱ्या रॅझीवाल्यांनी बरोबर केलं होतं, २०२१ च्या आठ पिक्चरांसाठी त्याच्या एकट्याच्या नावानं वेगळा विभाग काढला, सगळ्यात वाईट विलिस कुठला म्हणून. कॉस्मिक सिन जिंकला. मी तो पण बघितलाय, निकाल योग्य आहे.

पाटी_कोरीच

कारलं, पुढचं पण सांगा की. निकाल लागला २६ मार्चला, आजाराची बातमी आली ३० ला, आणि ३१ ला त्यांनी तो विभागच रद्द केला. जेमतेम पाच दिवस टिकला तुमचा योग्य निकाल.

विंगेतला_आवाज

मी राज्य नाट्य स्पर्धेच्या नाटकांना आठ-नऊ वर्षं विंगेत पुस्तक धरून प्रॉम्प्टिंग केलंय, त्या अनुभवावरून सांगतो, हा धागा वाचून काल मुद्दाम आउट ऑफ डेथ लावला. त्या टाइम्सच्या बातमीत होतं की त्याच्या कानात छोटं यंत्र असायचं आणि एक माणूस त्याला वाक्यं सांगायचा. ते माहीत असल्यावर वेगळंच दिसायला लागतं.

प्रॉम्प्ट उचलणारा नट लांबून ओळखू येतो. समोरच्याचं वाक्य संपतं आणि याचे डोळे अर्धा सेकंद रिकामे होतात, कारण तो बघत नसतो, ऐकत असतो. मान किंचित एका बाजूला जाते. मग वाक्य येतं, पण ते सपाट येतं, कारण वाक्य कुठं जाणार आहे ते त्यालाच माहीत नसतं, शब्द जसे कानात पडतील तसे पुढं सारतोय. आणि मुख्य म्हणजे तो समोरच्याचं वाक्य कधीच तोडत नाही. तोडूच शकत नाही. आमच्याकडे एक ज्येष्ठ नट होते, त्यांची पाठांतरं गेली तेव्हा आम्ही भांडणाचा प्रवेशच काढून टाकला होता, कारण विंगेतून भांडण पुरवता येत नाही.

आता मूनलाइटिंग आठवा, १९८५ ते ८९ ची सिरियल, डाय हार्डच्या आधी तो ज्यानं नावारूपाला आला ती. त्यात तो आणि सिबिल शेफर्ड एकमेकांच्या वाक्यावर वाक्य चढवून भांडतात, दोघं एकाच वेळी बोलतायत आणि तरी प्रत्येक शब्द कळतो. त्या माणसाची खासियतच तोंडाची होती हो, बंदुकीची नाही. लहानपणी तोतरा होता आणि नाटकात उभं राहिलं की तोतरेपण जायचं हे त्यानंच सांगितलंय. तर कावळेसाहेब, तुम्हाला जो कंटाळा वाटला तो मला कंटाळा वाटत नाही, प्रॉम्प्ट वाटतो. एडिटिंग पण बघा, त्याच्या प्रत्येक ओळीला एक कट, दोन ओळी सलग क्वचितच.

तिन्हीसांजा

सहसा नुसती वाचते, आज राहवलं नाही. कारलं, तुमच्यावर रागावून लिहीत नाहीये, पैसे मोजलेत तर बोलायचा हक्क आहेच.

माझ्या बाबांना पाच वर्षांपूर्वी स्ट्रोक झाला आणि त्यातून वाचाघात, म्हणजे हेच अफेजिया. हातपाय दोन महिन्यांत बरेचसे सुधारले, शब्द नाही. चमचा पाहिजे असला की "किल्ली दे" म्हणायचे, मी किल्ली दिली की चिडायचे, कारण त्यांच्या लेखी त्यांनी चमचाच मागितलेला असायचा. समोर बघून समजतंय सगळं, कोण आलंय, किती वाजले, कुणाचा फोन येऊन गेला, फक्त शब्द हाताला लागत नाही. आणि गंमत म्हणजे संध्याकाळी दिवा लावला की रामरक्षा अख्खी, एक अक्षर न चुकता. स्पीच थेरपीच्या ताई म्हणाल्या लहानपणापासून घोटलेलं, गाणं, आकडे, हे बऱ्याचदा टिकतं. नातेवाईक ते ऐकून म्हणायचे बघा, मनात आणलं तर बोलता येतं की.

पण सगळ्यात जास्त सलतं ते आधीचं वर्ष. अडखळायचे, नावं चुकायची, आणि आम्ही हसायचो. डॉक्टर नंतर म्हणाले की बारीकसे झटके आधी येऊन गेले असणार. विलिसच्या मुलीनं, टालुलानं, २०२३ मध्ये व्होग मासिकात लिहिलंय ते वाचताना म्हणून मला गलबललं. त्यांना पण सुरुवातीला वाटायचं ऐकू कमी येतंय, डाय हार्डमधल्या आवाजांनी बाबाचे कान गेलेत, जरा मोठ्यानं बोला. घरातल्यांना कळलं नाही तिथं रॅझीवाल्यांना काय कळणार.

विलिसचं बाबांसारखं नाही हेही सांगते. फेब्रुवारी २०२३ मध्ये घरच्यांनी सांगितलं की फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया आहे, म्हणजे मेंदू झिजत जाण्याचा आजार, ते वाढतच जातं, स्ट्रोकनंतर थोडं थोडं परत येतं तसं येत नाही.

कडू_कारलं

ताई, हसलो असतो तर मी पण हसलोच असतो, खोटं कशाला बोलू. बाबांना नमस्कार.

पण माझा मुद्दा मी सोडत नाही, फक्त बिल कुणाच्या टेबलावर ठेवायचं ते बदलतो. ज्यांनी पानं कमी केली त्यांना काहीतरी दिसलं होतं ना? दिसत असताना तोंड पोस्टरवर लावून विकलं ना?

पडद्यामागचा_पाटील

कारलं, तेही एवढं सरळ नाहीये. आजार माहीत असून काम करून घेतल्याचे आरोप एमेटनं नाकारलेत. आणि विलिसच्या वकिलाचं म्हणणं असं होतं की त्याला काम करायचं होतं आणि जमत होतं म्हणून तो करत राहिला, आणि त्याच्या नावावर पिक्चरांना पैसा उभा राहिला म्हणून करोनाच्या काळात कितीतरी लोकांना काम मिळालं. वकील दुसरं काय बोलणार हे आहेच. पण लाइटवाले, मेकअपवाले, स्पॉटबॉय यांना ते पैसे मिळाले हे पण आहेच. मला स्वतःला ते दोन दिवस बघितल्याशिवाय कळणार नाही की तो खूश होता का नुसता आणून बसवलेला.

व्हिडिओसेंटरवाला

मिथुनदाला २०२४ मध्ये दादासाहेब फाळके मिळालं, एवढं फक्त नोंदवून ठेवतो.

खिडकीतला_कावळा

धागा काढला शिव्या घालायला आणि झालं भलतंच. विंगेतला आवाज, तुमचं वाचून मी तो गाडीतला सीन परत लावला, आवाज बंद करून. मेगन फॉक्स बोलते, तो तिच्याकडे बघतो, मग डोळे तिच्या थोडे पलीकडे जातात, मग ओठ हलतात. त्या दिवशी मला ते माज वाटलं होतं. तिन्हीसांजा, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं.

तरी पिक्चर भंगारच आहे, त्यावर ठाम.

आता पॅराडाइज सिटी बघावा का, त्यात ट्रॅव्होल्टा पण आहे म्हणतात, पल्प फिक्शनची जोडी परत एकत्र?

पोपट_मेला_आहे

पोस्टरवर एकत्र आहेत.