रोजच्या अंगठीसाठी खडा: अकीक की ॲमेथिस्ट?

मूळ लेखन (लातूर)

भाचीला नोकरी लागली म्हणून तिच्यासाठी चांदीची अंगठी घडवून घ्यायची आहे. खर्च बेताचाच करायचा असल्याने सराफांनी दोन खडे सुचवले आहेत: एक तांबूस केशरी अकीक आणि दुसरा जांभळा ॲमेथिस्ट, ज्याला कटेला किंवा जामुनिया असेही म्हणतात. घरातील बहुतेकांचा कल ॲमेथिस्टकडे आहे. माझे मत मात्र स्पष्ट आहे की, जी अंगठी सकाळी बोटात घातल्यावर रात्रीच उतरणार आहे, तिच्यासाठी अकीकच निवडावा.

मूळ द्रव्य पाहिले तर दोन्ही खडे क्वार्ट्झ या एकाच खनिजाचे आहेत. खनिजांची कठीणता एक ते दहा अशी मोजणाऱ्या मोह्सच्या श्रेणीत ॲमेथिस्टची कठीणता ७ आणि अकीकाची साडेसहा ते सात, म्हणजे ओरखड्यांच्या बाबतीत फारसा फरक नाही. फरक पडतो तो घडणीत. ॲमेथिस्ट हा एकसंध स्फटिक असून अकीक अतिसूक्ष्म कणांच्या घट्ट गुंफणीतून बनलेला असतो. त्यामुळे तो ओट्याच्या कडेवर किंवा गाडीच्या हँडलवर आपटला तरी त्याचा टवका सहसा उडत नाही.

दुसरे कारण आपल्या पाण्याचे आहे. मराठवाड्यात असंख्य घरे बोअरच्या जड पाण्यावर चालतात. त्या पाण्यातील क्षार आणि साबण यांचा पातळ थर खड्याच्या मागच्या बाजूस साचत राहतो. ॲमेथिस्टची चमक ही आत शिरलेला प्रकाश मागच्या पैलूंवरून उलट फिरण्यावर अवलंबून असते. तेथे थर बसला की खडा मलूल दिसू लागतो. अकीकाचे सौंदर्य त्याच्या रंगात आणि घोटीव पृष्ठभागात असते, त्यामुळे त्याला ही अडचण येत नाही.

प्रतिसाद (छत्रपती संभाजीनगर)

ताई, आपले मुद्दे अभ्यासपूर्ण आहेत, परंतु निष्कर्ष मला मान्य नाही. टिकाऊपणा हाच एकमेव निकष धरायचा असेल तर पोलादी कडेही पुरेसे आहे. दागिन्याकडे पाहून मन प्रसन्न झाले पाहिजे, आणि बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीच्या हातात पैलूदार जांभळा खडा जसा खुलतो तसा अर्धपारदर्शक अकीक खुलत नाही. क्षारांचा थर म्हणाल, तर कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश एवढ्यावर तो निघतो. थर जुना होऊ दिला नाही म्हणजे झाले.

शिवाय ॲमेथिस्ट स्वस्त आहे म्हणून त्याला दुय्यम समजणे अन्यायाचे आहे. एकोणिसाव्या शतकात ब्राझीलमधील मोठे साठे बाजारात येईपर्यंत त्याची गणना अतिमौल्यवान रत्नांमध्ये होत असे. पुरवठा वाढला म्हणून किंमत उतरली, दगडाचा दर्जा उतरला नाही. याउलट बाजारातील अकीकांपैकी किती नैसर्गिक रंगाचे असतात, हाही विचार व्हावा. अकीक सच्छिद्र असल्याने रंग चटकन शोषतो. गडद निळे आणि गुलाबी अकीक बहुधा रंगवलेलेच असतात.

प्रतिसाद (परभणी)

आमच्या घरात अब्बांची अकीकाची अंगठी आहे. त्यांनी ती शेतात, बाजारात, नमाजापूर्वी हात-तोंड धुताना म्हणजे वुजू करताना, सर्वत्र वापरली. चांदी झिजून कड्याची खालची बाजू तारेसारखी बारीक झाली आहे. खडा मात्र आजही बोट फिरवले तर गुळगुळीत लागतो आणि खिडकीपाशी धरला तर कडेने मधासारखा उजळतो. अकीक निस्तेज असतो असे म्हणणाऱ्यांनी तो एकदा उजेडासमोर धरून पाहावा, एवढीच विनंती.

प्रतिसाद (जालना, सराफी व्यवसाय)

दोन्ही खडे मी विकतो, त्यामुळे कोणत्याही बाजूने बोलण्यात माझा लाभ नाही. ग्राहकाला सहसा न सांगितल्या जाणाऱ्या दोन-तीन गोष्टी येथे नोंदवतो.

ॲमेथिस्टचा जांभळा रंग स्फटिकातील लोहाच्या अंशावर नैसर्गिक किरणोत्साराचा परिणाम होऊन आलेला असतो आणि तो उष्णतेला नाजूक असतो. साधारण चारशे ते पाचशे अंश सेल्सिअसला तापवला तर तो पिवळसर होतो. बाजारात सिट्रिन या पिवळ्या रत्नाच्या नावाने मिळणारे अनेक खडे असे तापवलेले ॲमेथिस्टच असतात. त्यामुळे अंगठी लहान-मोठी करताना कारागिराने खडा न काढता ज्योत लावली तर रंग जाण्याचा किंवा खडा तडकण्याचा धोका असतो. खडा काढूनच काम करा, असे त्याला आधी बजावून सांगावे. दीर्घकाळ कडक उन्हात राहिल्यानेही काही ॲमेथिस्टचा रंग फिका होतो. ते एका उन्हाळ्यात घडत नाही, पण रोज भर दुपारी दुचाकीवर फिरणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी. तांबूस अकीकाचा रंग लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो; तो उन्हाने उडत नाही.

आणखी एक बाब अशी की कृत्रिमरीत्या तयार केलेला ॲमेथिस्ट बाजारात मुबलक आहे आणि नुसत्या डोळ्यांनी तो नैसर्गिक खड्यापासून वेगळा ओळखणे आम्हालाही कठीण जाते. प्रयोगशाळेची तपासणी करावी, तर स्वस्त खड्याच्या मानाने तिचा खर्च परवडत नाही.

प्रतिसाद (नांदेड)

जामुनिया हे शनीचे उपरत्न मानले जाते. पत्रिका दाखवल्याशिवाय तो घेऊ नये, असे माझे मत आहे.

मूळ लेखिका

आपल्या श्रद्धेचा आदर आहे, परंतु ही अंगठी ग्रहांसाठी नसून रोजच्या वापरातील दागिना म्हणून घ्यायची आहे, तेव्हा चर्चा तेवढ्यापुरतीच ठेवूया.

प्रतिसाद (छत्रपती संभाजीनगर)

जालन्याच्या सराफांनी सांगितलेले सर्व मान्य करूनही एक मार्ग उरतो, आणि त्याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. ॲमेथिस्ट पैलूदारच असला पाहिजे असे कोठे आहे? घोटीव, गोलसर घडणीचा ॲमेथिस्टही मिळतो. तो बंद कोंदणात बसवला तर कडा सुरक्षित राहतात, पैलूंच्या धारा झिजण्याचा प्रश्न मिटतो आणि मागे साबण साचायला जागाही राहत नाही. रंगाचा आनंद मात्र पूर्ण मिळतो.

मूळ लेखिका

ही सूचना खरोखर विचार करण्याजोगी आहे. माझ्या पाण्याच्या मुद्द्याला आपण योग्य उत्तर दिलेत. तरीही उन्हाचा आणि कृत्रिम खड्याचा प्रश्न शिल्लक राहतो. भाची लातूरच्या उन्हात रोज स्कूटीवरून बँकेत जाणार आहे, आणि तपासणी परवडत नाही म्हणून केवळ विश्वासावर खडा घेणे मला पटत नाही.

अकीकाविषयी आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते, आणि ती केवळ भावनेची नाही. हा दगड आपल्या भूमीचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना दख्खनच्या काळ्या पाषाणात ज्या पोकळ्या राहिल्या, त्यांत सिलिका साचून अकीक तयार झाला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणहून भडोचच्या बंदराकडे मोठ्या प्रमाणावर जाणाऱ्या दगडाचा उल्लेख आहे. अभ्यासक त्याचा अर्थ ऑनिक्स (पट्ट्यापट्ट्यांचा दगड) किंवा तांबडा अकीक असा लावतात, आणि हे दोन्ही एकाच जातीचे दगड आहेत. धाराशिव जिल्ह्यातील तेरच्या वस्तुसंग्रहालयात त्या काळातील मणी पाहायला मिळतात. सातवाहनांच्या काळापासून आपल्या लोकांनी जो दगड अंगावर वापरला, त्याला मुलीच्या हातात शोभत नाही म्हणून बाजूला सारणे मला योग्य वाटत नाही.

प्रतिसाद (छत्रपती संभाजीनगर)

इतिहासाचा मान राखतो, पण तोच काळा पाषाण ॲमेथिस्टलाही जन्म देतो. आपल्या डोंगरांतील पोकळ्यांत जांभळे स्फटिकही सापडतात. तेव्हा भूमीच्या नात्याने निवड करायची तर दोघांचा हक्क सारखाच आहे. अंगठी ज्या मुलीच्या बोटात जाणार आहे, तिला दोन्ही खडे प्रत्यक्ष दाखवून तिचे मत घ्यावे, असे मी आग्रहाने सुचवेन.

मूळ लेखिका

तिला रविवारी दुकानात घेऊन जाते आणि दोन्ही खडे तिच्यापुढे ठेवते. माझा आग्रह अकीकाचा राहील, हे तिलाही सांगेन. जालन्याच्या सराफांना एक विचारायचे आहे: अकीक रंगवलेला आहे की नाही, हे दुकानातच कसे पाहावे?

प्रतिसाद (जालना, सराफी व्यवसाय)

खडा पांढऱ्या कागदावर ठेवून भिंगातून पाहावा. बारीक भेगांमध्ये रंग जास्त गडद साचलेला दिसला तर तो बाहेरून दिलेला असण्याची शक्यता मोठी असते. कापसाच्या बोळ्यावर थोडे ॲसिटोन (नेलपॉलिश काढायला वापरतात ते द्रव) घेऊन खड्याच्या मागच्या बाजूने पुसावे; काही रंग त्यावर उतरतात, सगळे उतरत नाहीत. तांबूस अकीक तापवून गडद करण्याची पद्धत प्राचीन असून तो रंग पक्का असतो, त्यामुळे त्याला रंगवलेला म्हणून नाकारू नये. मात्र विक्रेत्याने ते सांगितले पाहिजे आणि पावतीवर तसे लिहून दिले पाहिजे.