पिशव्यांचे ढग दिसले, पाऊस नाही. पुण्यात वळवाची शक्यता कशी काढायची?

पर्वती_दक्षिण (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मेचा दुसरा आठवडा आला तरी पुण्यात वळवाने तोंड दाखवलेलं नाही. मंगळवारच्या नोंदी देतो. दुपारी ३ वाजता तापमान ३९, आर्द्रता १८ टक्के. आग्नेयेला ४ च्या सुमारास एक मोठा ढग उभा राहिला, ५ ला त्याचा माथा ऐरणीसारखा पसरला. पावणेसातच्या सुमारास, ऊन तांबूस झाल्यावर, ऐरणीच्या खालच्या बाजूला गाईच्या आचळांसारख्या पिशव्या लोंबताना दिसल्या. अर्ध्या आकाशात ओळीने, बाजूने सोनेरी, मधे राखाडी. मग धुळीचा वारा सुटला, तापमान ४ अंशांनी उतरलं आणि एक थेंबही पडला नाही.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हा ढग अस्पेरिटास की मॅमॅटस? असा ढग दिसला की दुसऱ्या दिवशी पाऊस होतो हे खरं का? आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली ओल दव होऊन साचू लागते तो) मी २२-२३ काढतोय, म्हणजे हवेत ओल भरपूर आहे, तरी ढग आपल्या डोक्यावर का उभे राहत नाहीत?

चर्या

मॅमॅटसच. अस्पेरिटास २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मेघ-नकाशावलीत पहिल्यांदा नोंदला गेला, तेव्हापासून प्रत्येक विचित्र ढगाला ते नाव चिकटवलं जातंय. अस्पेरिटास म्हणजे खवळलेला समुद्र पाण्याखालून पाहावा तशा अस्ताव्यस्त लाटा. तो बहुधा मधल्या किंवा खालच्या थरांच्या चादरीत दिसतो, आणि त्याला सुट्या गोल पिशव्या नसतात. तुमच्याकडे सुट्या पिशव्या आहेत, वर ऐरण आहे, ढगाचं मूळ आग्नेयेला स्पष्ट दिसलंय. शंकेला जागा नाही.

आता त्याचा अर्थ. ऐरणीतली बर्फकणांनी जड झालेली हवा खालच्या कोरड्या हवेत उतरते. कण उडून जाताना ती आणखी गार होते आणि पिशव्या पाडत खाली सरकते. कारणांच्या तपशिलावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही, पण ऐरणीखाली कोरडी हवा असणं ही गोष्ट बहुतेक सगळ्या स्पष्टीकरणांत येते. म्हणजे मॅमॅटस सांगतो तो झालेल्या वादळाबद्दल, उद्याच्या पावसाबद्दल नाही. तो उद्याचा पाऊस आणतो ही समजूत सोडून द्या.

उद्याचा अंदाज घ्यायचा तर संध्याकाळचा देखणा ढग सोडून सकाळचा किरकोळ ढग पाहायला शिका. सकाळी ६ ते ९ या वेळात मध्यम उंचीवर एका सपाट तळातून छोटे छोटे बुरूज वर आलेले दिसतात, अगदी किल्ल्याच्या तटावरच्या चर्यांसारखे. हा आल्टोक्युम्युलस कॅस्टेलानस. रुंदीपेक्षा उंची जास्त असलेले तीन-चार तरी बुरूज हवेत. नुसत्या मेंढरांच्या कळपासारख्या चपट्या पुंजक्यांना मोजू नका. चर्या दिसल्या म्हणजे ३ ते ५ किलोमीटरच्या थरात हवा अस्थिर आहे आणि तिथे ओलही आहे. १० वाजेपर्यंत त्या विरघळून जातात, म्हणून उशिरा उठणाऱ्याला त्या दिसतच नाहीत. हे अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं जमिनीजवळच्या ओलीत आहे.

दवबिंदू५६०

गणितात चूक आहे, आणि तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याच चुकीत आहे. तुम्ही "१०० मधून आर्द्रता वजा करा, ५ ने भागा, ते तापमानातून वजा करा" हे सूत्र वापरलेलं दिसतंय. ३९ वजा १६.४ म्हणजे २२.६. हे सूत्र आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असेल तरच चालतं. आपल्याकडे उन्हाळ्याच्या दुपारी ते सपशेल फसतं. मॅग्नसच्या सूत्राने ३९ अंश आणि १८ टक्क्यांना दवबिंदू येतो जेमतेम १०.४. तब्बल १२ अंशांचा फरक. हवा ओली नव्हतीच, ठणठणीत कोरडी होती.

गणित असं मांडा. आधी संपृक्त बाष्पदाब, म्हणजे हवा ओलीने पूर्ण भरली तर बाष्पाचा होणारा दाब: १७.६७ गुणिले तापमान, भागिले (तापमान अधिक २४३.५), e चा तेवढा घात काढून ६.११२ ने गुणा. ३९ अंशांना हा सुमारे ७० हेक्टोपास्कल येतो. त्याचे १८ टक्के म्हणजे १२.६. आता उलटा प्रवास: १२.६ भागिले ६.११२, त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम ०.७२. हा आकडा २४३.५ ने गुणा आणि (१७.६७ वजा ०.७२) ने भागा. स्प्रेडशीटमध्ये एकदा भरून ठेवलं की झालं.

दवबिंदू कळला की ढगाचा तळ कळतो. तापमान आणि दवबिंदूतला फरक गुणिले १२५ म्हणजे जमिनीपासून तळाची उंची, मीटरमध्ये. मंगळवारी २८.६ गुणिले १२५, जवळपास ३,६०० मीटर. इतक्या उंचीवरून निघालेला थेंब साडेतीन किलोमीटर कोरड्या हवेतून खाली येईपर्यंत उडून जातो. उडताना हवा गार आणि जड होते, ती आदळून बाहेर पसरते. तुम्हाला मिळालेला धुळीचा वारा आणि ४ अंशांची घट ती हीच. तापमान ३७ आणि आर्द्रता ३५ टक्के असती तर दवबिंदू १९, तळ २,२५० मीटर, आणि गोष्ट पार वेगळी झाली असती.

म्हणून "आज फार तापलंय, संध्याकाळी पडणार" यावर विसंबू नका. ४१ अंशांचा दिवस बहुतेक वेळा वायव्येकडून आलेल्या कोरड्या वाऱ्याचा असतो. अंगाला घाम चिकटून राहतो तो ३७ चा दिवस जास्त आशेचा. पुण्यापुरता माझा ठोकताळा असा: दुपारी ३ ला दवबिंदू १४ च्या खाली असेल तर फार तर धूळ, १८ च्या वर गेला तर आकाशावर नजर ठेवावी.

आणखी एक. स्वस्त डिजिटल आर्द्रतामापक ५ टक्के सहज चुकतो, आणि १८ टक्क्यांच्या आसपास ५ टक्के म्हणजे दवबिंदूत ४-५ अंश. मिठाने तपासा. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, ओल्या वाळूइतपत भिजेल एवढे थेंब पाणी घाला. झाकण आणि मापक हवाबंद पिशवीत ८ ते १२ तास सावलीत ठेवा. ७५ टक्के दाखवायला हवं, कमी-जास्त दाखवलं तर तेवढी दुरुस्ती टिपून ठेवा. मिठात पाणी साचलं तर आकडा वर जातो, चाचणी पुन्हा करा. अर्थात कोरड्या टोकाला ही दुरुस्ती तंतोतंत लागू होईलच असं नाही.

पर्वती_दक्षिण

सूत्राबद्दल मनापासून आभार. मागच्या वीस दिवसांचे आकडे पुन्हा काढले. एकाही दिवशी दवबिंदू १६ च्या वर नाही, वहीत मात्र सगळीकडे २१ ते २४ लिहिलेले. मग आग्नेयेचा ढग उभा कसा राहिला? आणि तो किती लांब होता?

माणदेशी_मापक

अंतर हाताने काढता येतं. हात सरळ लांब करून मूठ क्षितिजावर ठेवा, एक मूठ म्हणजे सुमारे १० अंश. ऐरणीचा माथा १४ किलोमीटर उंच धरला आणि तो एक मूठभर वर दिसला, तर ढग साधारण ८० किलोमीटरवर. पुण्याहून आग्नेयेला म्हणजे बारामतीच्या बाजूला. दोन मुठी वर असेल तर ४० च्या आत आला. माथा किती उंच ते उपग्रहाच्या अवरक्त चित्रातल्या तापमानावरून पडताळता येतं.

उभा कसा राहिला, तर बारामती, फलटण, माढा, बार्शी या पट्ट्यातली हवा आणि पुण्याची हवा एक नसते. विदर्भ-मराठवाड्यातून कर्नाटकाच्या आतल्या भागात उतरणारी वाऱ्याच्या खंडिततेची रेषा हवामान खात्याच्या पत्रकात रोज वाचायला मिळते. तिच्या पूर्वेला बंगालच्या उपसागराकडची ओल, पश्चिमेला वायव्येचा कोरडा वारा. ही रेषा ५०-६० किलोमीटर पश्चिमेला सरकली की पुणे ओल्या बाजूला येतं. तुमच्याकडे वळीव कधी येणार याचं उत्तर याच रेषेवर अवलंबून आहे. पत्रकात ती "मराठवाड्यातून" ऐवजी "मध्य महाराष्ट्रातून" असं येऊ लागलं की समजा.

पश्चिमेचाही हिशोब धरा. कोकणातून घाट चढून येणारा समुद्री वारा पुण्यात दुपारी उशिरा पोचतो. तो येताना दवबिंदू अचानक काही अंशांनी उडी मारतो, पण हवा गारही करतो. ढग उभे राहतात ते त्या वाऱ्याच्या पुढच्या काठावर. काठ पुढे निघून गेला की मागे नुसतीच गार झुळूक. पूर्वेच्या वादळातून निघालेला गार वारा आणि हा काठ शहराच्या आसपास भेटले तर मात्र अर्ध्या तासात चित्र पालटतं.

घाटमाथा_रडार

आकडे बघणाऱ्यांसाठी थोडं. सकाळी साडेपाचला सोडलेल्या हवामानाच्या फुग्याची नोंद वायोमिंग विद्यापीठाच्या साइटवर मिळते. पुण्यासाठी मुंबईची (केंद्र क्रमांक ४३००३) धरू नका, तिच्यात समुद्राचा उथळ दमट थर असतो आणि त्याच्या जोरावर केप (CAPE, ढगाला वर चढायला मिळणारी ऊर्जा) फुगून दिसतो. छत्रपती संभाजीनगरची (४३०१४) जास्त जवळची, कारण तेही पुण्यासारखंच पठारावर. पहाटे जमिनीलगत थंड थर असल्यामुळे तिथला केप बऱ्याचदा शून्य येतो. निराश होऊन पान बंद करू नका, दुपारचं अपेक्षित तापमान आणि दवबिंदू घालून पुन्हा काढा. मग सीआयएन (CIN, हवेला वर चढू न देणाऱ्या झाकणाचा जोर) पाहा. ५० च्या आत असेल तर झाकण उघडू शकतं. १५० असेल तर केप २,००० दिसला तरी ढग कापसाच्या लाद्यांसारखे चपटेच राहतात.

हवामानाच्या संगणकी मॉडेलच्या नकाशावर गावाचं नाव शोधत बसू नका. युरोपियन मॉडेलची जाळी ९ किलोमीटरची, अमेरिकेच्या जीएफएस मॉडेलची १३ ची. एकटादुकटा वळवाचा ढग त्यात मावत नाही. जिल्ह्याचा कल तेवढा घ्या.

रडारवरचा लाल ठिपकाही फसवतो. मॅक्स-झेड चित्रात उभ्या स्तंभातला सगळ्यात जोरदार परतावा (थेंब-गारांवरून रडारकडे परतलेल्या लहरी) दिसतो, तो ६ किलोमीटरवरचाही असू शकतो. शिवाय मुंबईहून पुण्यापर्यंत येताना अर्ध्या अंशाचा किरणसुद्धा जवळपास १.९ किलोमीटर वर गेलेला असतो. खाली पाऊस उडून जातोय हे त्याला दिसतच नाही. तळ ३ किलोमीटरच्या वर असेल त्या दिवशी रडारवर ४० डीबीझेड (परताव्याचा जोर मोजायचं एकक) आणि अंगण कोरडं, यात नवल नाही. ५५ च्या वर गेलं तर गारांची शंका घ्या. गारांचा फोटो काढताना शेजारी १० रुपयांचं नाणं ठेवा, ते २७ मिलिमीटरचं असतं. "लिंबाएवढी" यावरून काहीच कळत नाही.

कोकणकडा

मधेच एक विचारतो. वाढत्या ढगाच्या डोक्यावर गुळगुळीत पातळ टोपी दिसते, कधी तिला मोत्यासारखे रंग असतात. तोही मॅमॅटसचाच प्रकार का?

चर्या

नाही, तो पिलियस. वाढणारा माथा वरच्या पातळ दमट थराला ढकलतो, थर उचलला जाऊन गार होतो आणि टोपी तयार होते. दोन-चार मिनिटांत माथा तिला भेदून वर येतो. थेंब अगदी बारीक आणि एकाच आकाराचे असले की सूर्याजवळ ते रंग दिसतात. सूर्य इमारतीआड ठेवूनच पाहा. एकाच ढगावर टोपी पुन:पुन्हा बसत असेल तर त्याची वाढ जोरात आहे, घड्याळ लावा.

आणि पर्वतीकर, मॅमॅटस गच्चीवरून पाहिलात असं दिसतंय. ऐरणीखाली उभं राहणं म्हणजे विजेच्या टप्प्यात उभं राहणं, पाऊस नसला तरी. लखलखाट ते गडगडाट ३० सेकंदांच्या आत असेल तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे. खाली उतरा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जाऊ नका. दामिनी ॲप २० आणि ४० किलोमीटरच्या परिघातल्या विजा दाखवतं, पण कान उघडे ठेवाच.

पर्वती_दक्षिण

समजलं. मापक मिठात ठेवलाय, सकाळी आकडा टाकतो. उद्यापासून साडेसहाला पूर्वेचा एक फोटो, दुपारी ३ ला दुरुस्त दवबिंदू आणि रेषा कुठे आहे ते, असं रोज इथे देईन. बारामती-फलटणकडच्या कुणाकडे ३ वाजताचं तापमान आणि आर्द्रता असेल तर तेही टाका, म्हणजे रेषेच्या दोन्ही बाजू एकत्र दिसतील.