मदत हवी आहे: फॅमिली लिंक लावूनही मुलगा गेम खेळतोच आहे

वैतागवाडी: मुलाच्या फोनवर फॅमिली लिंक (मुलांच्या फोनवर वेळेची मर्यादा घालणारं गुगलचं अ‍ॅप) लावलंय, दिवसाला एक तास. तास संपला की फोन लॉक होतो, मी स्वतः बघते. तरी साहेबांची गेममधली रँक वाढतेच आहे! काल त्याच्या मित्राची आई म्हणाली, रात्री अकराला दोघं एकाच स्क्वाडमध्ये होते. सोमवारपासून सहामाही आहे. कृपया नुसतं सेटिंग सांगा. "मुलांशी संवाद साधा" वगैरे नको, ते सगळं वाचून झालंय.

राउटरवाला: वय? गेम कोणता? वायफाय की डेटा? काहीच न सांगता सेटिंग मागताय. आमच्याकडे रात्री दहाला राउटरच पोरांच्या फोनचं नेट तोडतो. रडारड आठवडाभर, मग शांतता.

वैतागवाडी: सहावीत आहे. फ्री फायर. आणि वायफाय मी झोपताना बंदच करते, म्हणून तर डोकं चालत नाहीये.

नगरी_बाणा: फ्री फायरवर सरकारने बंदी घातली ना? मग घरात चालतंच कसं?

खेळिया: बंदी फेब्रुवारी २०२२ मध्ये आली ती मूळ फ्री फायरवर. फ्री फायर मॅक्स प्ले स्टोअरवर राहिलं. पोरं तेच खेळतात आणि नाव फ्री फायर सांगतात. २०२० मध्ये पब्जी गेलं तेव्हाही काही कोणी अभ्यासाला बसलं नव्हतं.
ताई, मुद्दा असा की गेमचं खातं फोनला चिकटलेलं नसतं. गुगल किंवा फेसबुकने लॉगिन केलं की कुठल्याही फोनवर तीच रँक, तेच डायमंड (गेममधले पैसे). फॅमिली लिंक फक्त त्याच्या खात्यावर आणि त्याच्या फोनवर लक्ष ठेवतंय. घरात अजून किती फोन आहेत?

वैतागवाडी: माझा, नवऱ्याचा, सासूबाईंचा. माझा उशाशी असतो. सासूबाई फक्त व्हॉट्सअ‍ॅप आणि भजनं बघतात, त्यांना गेम म्हणजे काय तेही माहीत नाही.

खेळिया: त्यांच्या फोनमध्ये डेटा पॅक आहे?

वैतागवाडी: आहे. रोजचा दोन जीबी.

खेळिया: भजनांना एवढा लागत नाही. लॉक कोणाला उघडता येतं?

वैतागवाडी: पॅटर्न त्यानेच लावून दिलाय. आणि झोपतो त्यांच्याच खोलीत. अरे देवा.

राउटरवाला: 😂 केस क्लोज.

सुजाण_पालक: हसण्यावारी नेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंग डिसऑर्डर आजारांच्या यादीत घातलाय. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या रुग्णालयात यासाठी वेगळं क्लिनिक आहे. वेळीच दाखवून घ्या.

डॉ_नव्हे: त्याच यादीत पुढे असंही आहे की खेळावरचा ताबा सुटलेला असावा, बाकी आयुष्य विस्कटलेलं असावं आणि हे साधारण १२ महिने चाललेलं असावं. सहावीतल्या पोराने आजीचा फोन ढापला म्हणून एकदम बेंगळुरू?

सुजाण_पालक: तुमच्या घरात घडलं की कळेल.

कन्सोलप्रेमी: मी म्हणतो सरळ प्लेस्टेशन घ्या. हॉलमध्ये टीव्हीला जोडा. सगळ्यांसमोर खेळेल. डिजिटल घ्यावा की डिस्कवाला, यावर मी वेगळा धागा काढलाय.

मिरजमळा: सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे २०२२ पासून संध्याकाळी ७ ला मंदिरावरचा भोंगा वाजतो. दीड तास अख्ख्या गावाचे टीव्ही आणि मोबाईल बंद. मोठ्यांचेसुद्धा! एकट्या पोरावर कुलूप घालून काय होणार? धागाकर्तीचे यजमान संध्याकाळी काय करतात?

वैतागवाडी: नऊपर्यंत अमेरिकेचे कॉल. मी बँकेतून येते साडेसातला. जेवताना नवऱ्याचे रील्स चालू असतात, पण इथे विषय तो नाही.

राउटरवाला: वाकडच्या सोसायटीत भोंगा लावला तर आधी कमिटीची नोटीस येईल. पार्किंगमध्ये बॉल नेला तरी दंड आहे आमच्याकडे.

नगरी_बाणा: मग मैदानं कोणी खाल्ली? त्याच बिल्डरांना मतं देता!

शांताआज्जी: राजकारण दुसरीकडे न्या. मी स्वतः आज्जी आहे, नातू पाचवीत. खरं सांगू? संध्याकाळी सून गाडीत, मुलगा हेडफोन घालून, घरात मी आणि नातू. फोन दिला की तो माझ्या खोलीत येऊन बसतो. नाही दिला की खालच्या मुलाकडे जातो. सगळ्या आज्ज्या भोळ्या असतात असं समजू नका. तुमच्या सासूबाईंना ठाऊक असेल, विचारा.

वैतागवाडी: विचारलं. "माझ्याजवळ पडून खेळतो, आवाजसुद्धा करत नाही" म्हणाल्या. त्यांना तो बंदूकवाला गेम पाठसुद्धा आहे. आता त्यांचा फोन लॉक केला तर घरात महाभारत. सेटिंग सांगा प्लीज.

खेळिया: त्यांच्या फोनवर:
पॅटर्न बदला, त्यांच्याकडून नवा काढून घ्या, आणि त्यांना खोलीत एकट्या असतानाच सराव करायला सांगा.
गेम काढून टाका. मग प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये पॅरेंटल कंट्रोल चालू करा, पिन घाला, वयाचं रेटिंग सर्वात खालचं ठेवा. आधीपासून असलेल्या अ‍ॅपला हे अडवत नाही, म्हणून काढणं आधी.
तिथेच खरेदीला दरवेळी पासवर्ड मागेल असं करा. यूपीआय जोडलेलं असेल तर हे आजच.

शांताआज्जी: आणि सात ते नऊमध्ये त्याच्याजवळ कोण बसणार, तेही ठरवा. आमच्याकडे मुलाने आठचा एक कॉल पुढे ढकलला. त्या वेळात दोघं कॅरम खेळतात. शनिवारी फोन चालतो.

सुजाण_पालक: कॅरमने व्यसन सुटत नाही.

डॉ_नव्हे: झालं सुरू.

वैतागवाडी: गेम काढला, पिन लावला, पॅटर्न बदलला. सासूबाई फुरंगटून बसल्यात. नवऱ्याला कॉलचं बोलले, "बघू" म्हणाला. रात्री अपडेट देते.

खेळिया: आणि तिसरा फोन?

वैतागवाडी: नवऱ्याचा? त्याला फिंगरप्रिंट आहे.

खेळिया: कोणाकोणाचं, ते सेटिंगमध्ये बघा.